दिवंगतांच्या यादीतलं पाचवं नाव

२९ डिसेंबर २०२५

महेंद्र,

काल सकाळी साडेअकरा वाजता आपल्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चौतीस जण तुझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून दोन मिनिटं उभे राहिलो. मीही राहिलो. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर चालवून घे, पेन धरायची सवय गेली.

१९८९ च्या आपल्या दहावीच्या बॅचचा मेळावा होता. सगळी सूत्रं उमाच्या हातात. वर्गात मॉनिटर होती तीच. आता बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बसली आहे, त्यामुळे अख्ख्या गावाला कामाला लावायला तिला भरपूर वेळ आहे. पुरुषांना फेटे, बायकांना एका रंगाच्या साड्या, दारात औक्षण. बावन्नाव्या वर्षी मला ओवाळलं, तेही एरवी रत्नागिरीच्या बाजारात समोर आल्या तरी ओळख न दाखवणाऱ्या बायांनी. फेटा इतका आवळलेला की कानशिलं ठणकत होती.

शाळा बघून तर डोकंच फिरलं. चिऱ्याच्या भिंतींना गुलाबी रंग फासलाय. आपला दहावीचा वर्ग आता संगणक कक्ष झालाय. सहा संगणक आहेत, सहाही प्लास्टिकच्या कव्हरात. मागची करवंदीची जाळी तोडून तिथे फोटो काढायला थर्माकोलची चौकट उभी केली होती. जो तो आपली जागा शोधत फिरत होता, मी इथे बसायचो, मी इथे बसायचे. मी आपली जागा शोधायला गेलो नाही.

मग हजेरी. अशा मेळाव्यांत हल्ली जुन्या सरांना हजेरी घ्यायला लावतात. पाध्ये सर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले. ऑफिसातून त्या सालचा हजेरीपट शोधून त्यांच्या हातात दिला. सरांनी नाव घ्यायचं, आपण उठून 'हजर सर' म्हणायचं. लोक रडत होते. जे गेले त्यांच्या नावावर उमाने आधीच पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, सरांनी चुकून हाक मारू नये म्हणून. तुझा नंबर अकरा, माझा बारा. सर दहावरून थेट बारावर आले. मी उठून हजर म्हटलं आणि खाली बसलो.

त्यानंतर उमाने दिवंगतांची यादी वाचली. सात नावं, पाचवं तुझं. कै. महेंद्र भिकू गमरे. असा हा उमाचा कारभार. माणूस आहे की नाही याची खात्री न करता ही बाई त्याला माइकवरून श्रद्धांजली वाहते.

पुढचं ऐक. बॅचतर्फे शाळेला वाचनकक्ष देणार आहेत, या सात जणांच्या स्मरणार्थ. दारावर ग्रॅनाइटचा फलक लागणार, त्यावर सातही नावं कोरलेली. २६ जानेवारीला उद्घाटन. तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर उमाला फोन कर. नंबर मागे लिहिलाय. मी आहे, एवढंच सांग. तुझा काय राग असेल तो माझ्यावर ठेव, पण दगडावर नाव कोरून घेऊ नकोस.

दत्ता

६ जानेवारी २०२६

महेंद्र,

तुझा फोन नाही, पत्र नाही. माझं पत्र तुला २ तारखेला मिळालं, हे मला मोबाइलवर दिसतं. 'पत्त्यावरील व्यक्तीस दिले' असं पोस्टानेच लिहिलंय. म्हणजे तू आहेस, हे मला पोस्टाकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

काल पुन्हा शाळेत गेलो, या वेळी फेट्याशिवाय. कलमांना मोहोर आलाय, तुडतुड्यावर फवारणी चालू आहे, गडी पंपापाशी सोडून गेलो. ऑफिसात वेदिका नावाची एक मुलगी असते. ती म्हणाली, "सर, फलक माजी विद्यार्थ्यांच्या समितीचा आहे. बदल करायचा तर समितीचं पत्र आणा." समिती म्हणजे उमा. उमा पलीकडच्या खोलीत पुस्तकांना नंबर घालत बसली होती. ती म्हणाली, "नावं शाळेच्या दप्तराप्रमाणे दिली आहेत. शाळेने लेखी दिलं तर मी बदलते." त्या दोघींच्या मध्ये मी तीन खेपा घातल्या. मधली सुट्टी होती, पाचवीतली पोरं मला बघून हसायला लागली.

शेवटी मुख्याध्यापकांकडे गेलो. तरुण आहेत, देवरूखहून बदलून आलेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते हयात असल्याचा काही पुरावा आहे का? हयातीचा दाखला, आधार कार्ड, काहीही."

मी म्हटलं, "साहेब, तो गेल्याचा दाखला मागितला होता का कुणी?"

"तसं नाही, त्यांच्या वर्गमित्रांनीच सांगितलं होतं ना."

मी मोबाइल काढून पोस्टाचं ते दाखवलं. तेवढ्यात मागून उमा आली. तिनेही वाकून बघितलं. मग मला विचारते, "दत्ता, तू त्याला शेवटचा भेटलास कधी?"

मी म्हटलं, तीस वर्षं होतील.

त्यावर ती आणखी एक वाक्य बोलली, ते इथे लिहीत नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दगड एमआयडीसीत कोरायला गेलाय, तो बघायला गेलो तर कारागीर म्हणाला, पाच नावं झाली, दोन राहिली. तुझं झालंय. अक्षर चांगलं काढलंय त्याने.

एवढी धावपळ मी कुणासाठी करतोय? तू एक फोन केलास तर दोन मिनिटांचं काम आहे. पण तू मोठा मानी. दहावीला भूमितीत माझे तुझ्यापेक्षा दोन मार्क जास्त आले तेव्हाही आठवडाभर बोलला नव्हतास.

दत्ता

१३ जानेवारी २०२६

महेंद्र,

तू उमाला फोन केलास. आज सकाळी तिने घरी येऊन सांगितलं. तू म्हणालास, "मी महेंद्र गमरे, भुसावळहून बोलतोय. माझं नाव त्या दगडावरून काढा, आईला फार त्रास झाला." संपलं. उमाने चारदा माफी मागितली, तू ठीक आहे म्हणालास. माझं नाव काढलं नाहीस. मी दोन पत्रं पाठवली हे सुद्धा तिला सांगितलं नाहीस.

तिच्याकडून तुझा नंबर घेतला. लावला. दोनदा वाजून बंद झाला, आता वाजतच नाही. अडवून ठेवला असशील. ठीक आहे, पत्र अडवता येत नाही.

तुझ्या आईचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मेळाव्याची स्मरणिका कुणीतरी ३० तारखेला तुमच्या वाडीत नेऊन दिली. दुपारी एकच्या सुमारास बायका रडत तुमच्या अंगणात आल्या. पुस्तकात तुझा दहावीचा फोटो, खाली कै. लिहिलेलं. तू ड्यूटीवर, फोन उचलेनास. तू पाचला फोन केलास तोपर्यंत, म्हणजे चार तास, तिला वाटत होतं की तू गेलास आणि हे तिला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. उमा हे सांगताना रडली. ती तुझ्या आईकडे जाऊन आली. 'यादी मी केली, चूक माझी,' म्हणाली. तुझ्या आईने तिला चांगलंच सुनावलं, तिने ते खाली मान घालून ऐकून घेतलं. जाताना दारात मला म्हणाली, "मी माझं सांगून आले. तुझं काय ते तू बघ."

मागच्या पत्रात तिचं जे वाक्य लिहिलं नाही ते हे: "तुझ्याकडे पत्ता होता?"

होता. तू घर बांधलंस तेव्हा २०११ साली गृहप्रवेशाचं कार्ड पाठवलं होतंस. मी आलो नाही, चार ओळीही कळवल्या नाहीत, पण कार्ड कपाटात ठेवलं. त्याच पत्त्यावर हे सगळं लिहितोय. एव्हाना तुझ्या ते लक्षात आलंच असेल.

ऑक्टोबरात उमाने यादीची वाटणी केली, एसटीच्या मार्गाप्रमाणे. ज्याच्या मार्गावर ज्यांची गावं, त्याने त्यांना शोधायचं. माझ्या वाट्याला सात नावं आली, त्यात तू. सहा जणांना मी दोन दिवसांत शोधलं. एक तर लांज्याला काजूच्या कारखान्यात सापडला. तुझ्यापुढे लिहिलं, संपर्क नाही. पुढच्या बैठकीत उमाने विचारलं, महेंद्रचं काय? मी म्हटलं, बघतो. त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा. मग सगळेच मागे लागले, तुझा जिगरी ना, एका बाकावरचे ना, तू नाही शोधणार तर कोण? चौथ्या बैठकीत उमाने पेन उघडून विचारलं, "दत्ता, आहे तरी का तो?"

मी म्हटलं, "गेला म्हणतात."

बस. तिने लिहून घेतलं. दोघंतिघं अरेरे म्हणाले आणि विषय जेवणाच्या मेनूवर गेला. मला हायसं वाटलं. तुला फोन करायची लाज वाटत होती म्हणून मी तुला मारून टाकलं. एवढंच आहे ते, यात दुसरं काही शोधू नकोस.

लाज कसली ते तुला माहीत आहे. तुझे वडील गेले तेव्हा तू माझ्याकडे माणूस पाठवला होतास. मी ओटीवर बसलो होतो. माझ्या वडिलांनी मला अडवलं नाही. अडवलं असतं तर आज त्यांच्यावर ढकलता आलं असतं. मी ओढ्यावरच्या साकवापर्यंत आलो होतो. तिथून तुमची वाडी दिसते, लोक जमलेले दिसत होते. पाच वर्षं तुझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, पण तुझ्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिथे कुणाच्या ओसरीवर बसू, कुणी पाणी दिलं तर काय करू, हे माझ्या डोक्यात. तुझा बाप गेलेला आणि माझ्या डोक्यात हे. मी परत फिरलो. नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीचं कार्ड आलं, 'कालकथित भिकू गमरे' असं छापलेलं. तेव्हाही आलो नाही. उमाने तुझ्यापुढे कै. लिहिलं तेव्हा तुम्हा बौद्धांत कै. नाही, कालकथित लिहितात हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं, आणि मी मूग गिळून उभा.

माझ्या बहिणीच्या लग्नात तू तीन दिवस राबला होतास. पाण्याची पिंपं तू भरली होतीस.

तुझ्या आईला हे सांगायला हवं. जातो.

दत्ता

२० जानेवारी २०२६

महेंद्र,

रविवारी तुझ्या घरी जाऊन आलो. शाळेपासून चालत बारा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं, कारण इतकी वर्षं मला ते घर फार लांब वाटत होतं.

तुझी आई पडवीत बसली होती. ऐंशी वर्षांची असेल, पण नजर चांगली आहे. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "गानूंचा दत्ता ना तू? ये. बस वायच." मग आत हाक मारली, "रेणुका, चाय ठेव गो. महेंद्रचा दोस्त आलाय." रेणुका म्हणजे तुझ्या धाकट्या भावाची बायको, हे मला तिथे कळलं. तुला भाऊ आहे एवढंच माहीत होतं.

चहा घेतला. तुझे फोटो बघितले. तुझी मुलगी नर्सिंग शिकते, हे भिंतीवरून कळलं.

मग तुझी आईच बोलायला लागली. उमावर तिचा राग आहे. "शिकलेली बाय, आनि जित्या मान्साला मारती." मी म्हटलं, यादीत घोळ झाला. हो, असंच म्हणालो. यादीत घोळ झाला.

तू म्हणशील, सांगायला गेला होतास ना? अरे, रेणुका सारखी आत-बाहेर करत होती, निवांत बोलताच येईना. हे खोटं आहे. रेणुका अर्धा तास विहिरीवर गेली होती. आम्ही दोघंच होतो, आणि मी तुझ्या आईला यंदाच्या मोहोराबद्दल सांगत बसलो.

निघताना ती म्हणाली, "महेंद्रचा बा गेला तवा तुज्यापरत निरोप पोचला नाय. नायतर तू आला असतास, मला ठाव हाय. मी महेंद्रला कितींदा सांगितलंय."

मी चपला घातल्या. ती अंगणापर्यंत पोचवायला आली.

माझी मलाच चीड येते आहे. फवारणीच्या गड्यांवर ओरडतो, घरात ओरडतो, काल शेजाऱ्याच्या कुत्र्यावर ओरडलो. तू तरी एकदा शिव्या दे की. तू इतका गप्प कसा राहू शकतोस?

दत्ता

२६ जानेवारी २०२६, संध्याकाळ

महेंद्र,

आज झेंडावंदनानंतर वाचनकक्षाचं उद्घाटन झालं. दगडावर सहा नावं आहेत आणि चौथ्याच्या खाली, तुझ्या जागी, एक पांढरा पट्टा. नवीन दगडाला वेळ नव्हता म्हणून कारागिराने तुझ्या अक्षरांत पांढरं सिमेंट भरून घासून दिलंय. उन्हात तिरकं बघितलं की 'महेंद्र' वाचता येतं. मी दोन्ही बाजूंनी उभं राहून बघितलं.

उमा बोलायला उभी राहिली. म्हणाली, "एका हयात मित्राचं नाव माझ्या हातून दिवंगतांत गेलं. मी बॅचतर्फे त्यांची आणि त्यांच्या आईची माफी मागते." सगळ्या शाळेसमोर, मुलं रांगेत बसलेली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. महिनाभर मी तुला तिच्याबद्दल काय काय लिहिलं ते आठवलं, आणि बसवेना.

उठलो. माइक मागितला नाही, जागेवरूनच म्हटलं, "उमाची चूक नाही. महेंद्र गेला असं मी सांगितलं होतं. तो आहे हे मला माहीत होतं."

कुणीतरी विचारलं, "मग सांगितलंस कशाला?" पाध्ये सर पुढच्या खुर्चीत होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी शेजारच्याला काय झालं म्हणून विचारलं, त्याने त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं. म्हणजे ते सगळ्यांनी दोनदा ऐकलं. मी चहाला थांबलो नाही. तासाभरात हे वाडीत पोचणार, त्याच्या आत मला पोचायला हवं होतं.

तुझी आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी खाली जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. "काकी, महेंद्र गेला हे उमाला मी सांगितलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावेल असं वाटलं, मी त्याची वाटच बघत होतो. ती म्हणाली, "तुला कुनीतरी खोटं सांगितलं आसंल, बाबा. मान्सं काय बी बोलतात."

"नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनाने बोललो."

"मंग घाबरला आसशील. सगल्यांनी धरलं आसंल तुला." आणि पुन्हा तेच काढलं. "तू काय मनाचा वाईट न्हाईस. महेंद्रच्या बाच्या टायमाला बी, निरोप मिलाला असता तर तू..."

महेंद्र, मला तिथे गप्प बसता आलं असतं. तिने मला माफच केलं होतं. उठून पाया पडलो असतो, चहा पिऊन घरी आलो असतो. तीस वर्षं या गावात माझ्याबद्दल चांगलं बोलणारी ती एकटी बाई, आणि ती तुझी आई.

"निरोप मिळाला होता, काकी," मी म्हटलं. "तुमचा माणूस आला तेव्हा मी घरीच होतो. कार्डही मिळालं होतं."

तिचा हात सुपात तसाच राहिला. मग बोलली, पण माझ्याशी नाही.

"म्हंजे तो खरा बोलत व्हता. माजा पोरगा खरा बोलत व्हता, आनि मी तीस वर्सं त्यालाच गप केला. दत्ताचं नाव काडलं की मी म्हनायची, लोकाच्या लेकराबद्दल वाईट बोलू नको, तुज्या मनात पाप हाय."

मग रेणुकाला हाक मारली. "महेंद्रला फोन लाव. मला त्याची माफी मागायची हाय."

रेणुका म्हणाली, "भावजी ड्यूटीवर असतील, आये. सहानंतर लागंल." तुझी आई म्हणाली, "मंग सहाला लाव." मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उठून आलो.

मला काय व्हायचं ते होऊ दे, मी केलंय. पण तिने काय केलंय? घरी आल्यापासून तुझा नंबर लावतोय, माझ्या फोनवरून, बायकोच्या फोनवरून. लागत नाही. उमालाही लावायला सांगितलं, तुझा फोन बंद आहे. आत्ता सहाला पाच कमी आहेत. हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल आणि तोवर सगळं बोलून झालं असेल. या ओळीचा काही उपयोग नाही हे मला कळतं, तरी लिहितो. तिला माफी मागू देऊ नकोस, महेंद्र.

दत्ता